नेब्रास्का युनिव्हर्सिटी फुटबॉल २०२१: नऊ पराभव, नऊही थोडक्यात. आता कोच फ्रॉस्टचं काय करायचं?

लाल_शनिवार | २७ नोव्हेंबर २०२१, सकाळी ७.१०

काल आयोवाविरुद्ध आपण २१-६ पुढे असताना मी उठून स्वयंपाकघरात गेलो आणि थँक्सगिव्हिंगची राहिलेली भांडी घासायला लागलो. बायको म्हणाली, "जिंकताय ना? मग इकडे कशाला कडमडलात?" म्हटलं, "जिंकतोय म्हणूनच." थोड्या वेळानं बाहेरून पाहुण्यांचं एकमुखानं "अर्रर्र" ऐकू आलं. बघायला गेलोच नाही. पंट अडवला असणार, हे हातात कढई असतानाच कळलं. तसंच झालं होतं. पंट अडवला, चेंडू उचलला, टचडाउन (गोल लाइनपार, सहा गुण). शेवट २१-२८.

तर मोसम संपला. ३ जिंकले, ९ हरले. आणि ही ती टीम, जिच्या स्टेडियमचं एकही तिकीट १९६२च्या नोव्हेंबरपासून शिल्लक राहिलेलं नाही (गेलं कोविडवर्ष सोडा, तेव्हा प्रेक्षकच नव्हते).

नुसतं हरणं एक वेळ पचतं. पण हे बघा: इलिनॉयकडून ८ गुणांनी, ओक्लाहोमाकडून ७, मिशिगन स्टेटकडून ओव्हरटाइममध्ये ३, मिशिगनकडून ३, मिनेसोटा ७, पर्ड्यू ५, ओहायो स्टेट ९, विस्कॉन्सिन ७, आयोवा ७. एकदाही कुणी धुतलं नाही. दर शनिवारी साडेतीन तास आशा लावायची आणि शेवटच्या पाच मिनिटांत काढून घ्यायची. (काल तर शुक्रवारीच.)

८ नोव्हेंबरला अ‍ॅथलेटिक डायरेक्टर ट्रेव्ह अल्बर्ट्सनी जाहीर केलं की मुख्य कोच स्कॉट फ्रॉस्ट राहणार. पगार वर्षाला ५० लाख डॉलरवरून ४० लाख, आणि ऑफेन्सचे (आक्रमण फळीचे) चार असिस्टंट कोच घरी. म्हणजे बॉस तोच, कारकून बदलले.

मी लिंकनला, म्हणजे युनिव्हर्सिटीच्या गावी, ऑगस्ट १९९७मध्ये एमएस करायला आलो. त्या वर्षी फ्रॉस्ट आमचा क्वार्टरबॅक (पास टाकणारा, ऑफेन्सचा सूत्रधार) होता. १३-० (तेरा जिंकले, एकही हरला नाही), नॅशनल चॅम्पियन. मला तेव्हा या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, पण ज्या गावात आपण नवे असतो तिथे शनिवारी अख्खं गाव लाल कपडे घालून एका दिशेला चालत असेल तर आपणही चालायला लागतो. त्यामुळे या माणसाबद्दल मला तटस्थपणे बोलता येत नाही. म्हणून तुम्हाला विचारतोय. ठेवला ते बरोबर केलं का?

---

ओमाहाकर | २७ नोव्हेंबर २०२१, सकाळी ८.०२

बरोबरच केलं. कारण सांगतो.

२००३ आठवा. फ्रँक सोलिच, ५८-१९ असं रेकॉर्ड असलेला कोच. त्या मोसमात ९-३ होता. काढला. का, तर टीम सामान्य होऊ द्यायची नाही म्हणे! मग कॅलाहन आले, २७-२२. मग बो पेलिनी, सात वर्षांत एकदाही नऊपेक्षा कमी विजय नाहीत, त्यालाही २०१४मध्ये काढला. मग माइक रायली, १९-१९. दर वेळी "याच्यापेक्षा चांगला आणू" आणि दर वेळी एक पायरी खाली. सुनांना नावं ठेवून ठेवून घर रिकामं होतं तशातली गत.

फ्रॉस्ट आपला आहे. वूड रिव्हरचा पोरगा. वडील इथेच खेळले, आई १९६८च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये थाळीफेकीत. यूसीएफला (सेंट्रल फ्लोरिडा युनिव्हर्सिटी) ०-१२ झालेली टीम घेऊन दोन वर्षांत १३-० करून आला. तो विसरला का रात्रीत सगळं?

---

चहाटळ | २७ नोव्हेंबर २०२१, सकाळी ८.४०

पुण्यातून वाचतोय. भाचा यंदा लिंकनला गेलाय, त्याच्या प्रत्येक फोनमध्ये हा विषय असतो, म्हणून डोकावलो. बाळबोध शंका: ज्यात पाय क्वचितच लागतो तोच हा फुटबॉल ना? मग पंट म्हणजे नक्की काय, की ज्याच्यामुळे लाल_शनिवार भांडी घासतात?

---

लाल_शनिवार | २७ नोव्हेंबर २०२१, सकाळी ८.५५

:) दहा यार्ड पुढे जायला चार प्रयत्न मिळतात. तीन फुकट गेले की बहुतेक वेळा चौथ्यात चेंडू लाथेनं लांब उडवून द्यायचा, म्हणजे समोरच्याला निदान लांबून सुरुवात करावी लागते. तो पंट. थोडक्यात, "आमचं जमलं नाही, पण तुमचंही सोपं करणार नाही." त्यासाठी वेगळी अकरा माणसं उतरतात, त्यांना स्पेशल टीम म्हणतात. किकऑफ, फील्ड गोल, टचडाउननंतरचा एक्स्ट्रा पॉइंट हे सगळं त्याच खात्यात.

आणि यंदा तेच खातं बुडीत.

---

आकडेमोड | २७ नोव्हेंबर २०२१, सकाळी ९.३१

मी फॅन नाही, आकडे बघायला आवडतात म्हणून लिहितो.

नेब्रास्कानं मोसमात ३३५ गुण केले, २७२ दिले. म्हणजे अधिक ६३. ३-९ अशी टीम आणि गुणांचा फरक अधिक, हे फारच विचित्र आहे. बेसबॉलवाल्यांचं एक साधं सूत्र आहे: केलेल्या गुणांचा वर्ग भागिले दोन्ही वर्गांची बेरीज. ते इथे लावलं तर साधारण ७ विजय यायला हवेत. थोडक्यात ही ७-५ च्या तोडीची टीम, जिचं नशीब फुटकं.

अटीतटीचे निकाल वर्षानुवर्षं एकाच बाजूला पडत नाहीत. पुढच्या वर्षी फासे उलटतील. अल्बर्ट्सनी हेच बघितलं असणार.

---

ओमाहाकर | २७ नोव्हेंबर २०२१, सकाळी ९.३८

+१०००. हेच म्हणतोय केव्हाचा.

---

जुना_कबड्डीपटू | २७ नोव्हेंबर २०२१, सकाळी १०.१५

आकडेमोड साहेब, राग मानू नका, पण त्या ६३मध्ये खोट आहे. फोर्डहॅमला ५२-७, बफेलोला २८-३, नॉर्थवेस्टर्नला ५६-७ असं तीन मॅचमध्ये अधिक ११९ झालं. राहिलेल्या नऊमध्ये वजा ५६. गल्लीतल्या पोरांना लोळवून मिळवलेले गुण तालुक्याच्या फायनलला कामाला येत नाहीत.

आणि नशीब म्हणाल तर एकेक मॅच काढून बघू.

इलिनॉय: गोल लाइनजवळ आलेला पंट सोडून द्यायचा हे पोरांना पहिल्या दिवशी शिकवतात. आपल्या गड्यानं तो पकडला, मागे सरकला, समोरच्यांना फुकटचे दोन गुण. किकरचे दोन एक्स्ट्रा पॉइंट हुकले. तोच किकर गेल्या वर्षी बिग टेनमधला, म्हणजे आपल्या लीगमधला, सर्वोत्तम ठरलेला.

ओक्लाहोमा: एक्स्ट्रा पॉइंट अडवला आणि त्यांनी तो पळवत नेऊन उलटे दोन गुण घेतले. म्हणजे एक मिळवायला गेलो आणि दोन देऊन आलो.

मिशिगन स्टेट: २०-१३ पुढे, चारेक मिनिटं राहिलेली, आपल्या डिफेन्सनं दुसऱ्या हाफमध्ये त्यांना जागचं हलू दिलेलं नाही. आणि पंट मारणारा मारतो एका बाजूला, अडवणारे पळतात दुसऱ्या बाजूला! त्यांच्या जेडन रीडला मोकळं रान मिळालं, ६२ यार्ड पळाला.

मी वीस वर्षं सांगलीकडे कबड्डीची पोरं शिकवली. साखळी धरलेली असताना कॉर्नर एकीकडे आणि कव्हर दुसरीकडे गेला, की आम्ही पोराला नाही विचारत. मास्तरला विचारतो, सराव काय घेतलास? एकदा झालं तर चूक. दोनदा झालं तर पोर कच्चं. नऊ वेळा झालं तर मास्तर कच्चा.

---

सातारी_हॉकआय | २७ नोव्हेंबर २०२१, सकाळी १०.४४

राम राम मंडळी. आयोवा सिटीतून. काल बरं वाटलं. :)

चिडवायला नाही आलो, तुमचं दुखणं बघवत नाही म्हणून एक सांगतो. आमचं ऑफेन्स देशात तळाला आहे. खोटं नाही सांगत, कधी कधी बघताना झोप लागते. तरी १०-२. कारण आमचा कोच कर्क फेरेंट्झ १९९९पासून एकच गोष्ट घोकून घेतोय: पंट नीट, किक नीट, फुकट काही द्यायचं नाही. आमच्या पंटरच्या नावानं टी-शर्ट खपतात, "पंट मारणं म्हणजेच जिंकणं" असं लिहिलेले. ऑस्ट्रेलियाचा टोरी टेलर. या जुलैपासून खेळाडूंना स्वतःच्या नावावर कमाई करायला परवानगी मिळाली ना? त्याला नाही. एफ-१ व्हिसा, विद्यार्थ्यांचा, त्यावर अशी कमाई चालत नाही! टी-शर्टचे पैसे धर्मादाय कामाला. आपल्यातल्या निम्म्यांना त्याचं दुःख न सांगता कळेल.

तुम्ही ताटात पुरणपोळी वाढता आणि तूप वाटेत सांडून येता. आम्ही भाकरीच वाढतो, पण ती पोचते.

---

चहाटळ | २७ नोव्हेंबर २०२१, सकाळी ११.०५

एफ-१वाला पंटर! हा माझा खेळाडू. आजपासून आयोवा.

---

लाल_शनिवार | २७ नोव्हेंबर २०२१, सकाळी ११.०८

चहाटळ, भाच्याला सांगू का? त्याचं लिंकनमधलं बिऱ्हाड आवरायला लागेल.

---

पाव_किलो_मका | २७ नोव्हेंबर २०२१, दुपारी १२.२०

सगळे पंट पंट करताय. मार्टिनेझचं काय? मिशिगनविरुद्ध २९-२९, दोन मिनिटं पण राहिली नाहीत, आणि याच्या हातातून चेंडू काढून घेतला. त्यांनी फील्ड गोल मारला, ३२-२९. पर्ड्यूविरुद्ध चार इंटरसेप्शन (पास थेट समोरच्यांच्या हातात). चार वर्षं हाच क्वार्टरबॅक आणि चार वर्षं हेच. या मुलाला

[मजकूर संपादित. — प्रशासक]

---

प्रशासक | २७ नोव्हेंबर २०२१, दुपारी १२.५१

टीका खेळावर करा. खेळाडू विद्यार्थी आहेत, त्यांच्याबद्दल शिवीगाळ इथे चालणार नाही. पुन्हा झाल्यास धागा वाचनमात्र करू.

---

बँडवालीची_आई | २७ नोव्हेंबर २०२१, दुपारी १.३०

प्रशासकांचे आभार.

माझी मुलगी युनिव्हर्सिटीच्या मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. तिच्यामुळे मला हा खेळ कळायला लागला, त्याआधी मी फक्त डबे भरून द्यायचे. बँडला शेवटपर्यंत थांबावंच लागतं. लोक निघून गेले तरी, थंडीत ओठ बधिर झाले तरी.

मार्टिनेझचा जबडा मोडला होता आणि तो तसाच खेळत राहिला, हे आपल्याला नंतर कळलं. एकवीस वर्षांचा मुलगा. पाव_किलो_मका, तुम्ही त्या वयात सर्दी झाली तरी कॉलेजला दांडी मारली असेल.

मिशिगनच्या त्या रात्री मी स्टेडियममध्ये होते. चेंडू सुटला तेव्हा काय आवाज झाला सांगू? काहीच नाही. पंचाऐंशी हजार माणसं आणि काही आवाज नाही. मग पाहुणी टीम आत जाताना आमच्या बाजूच्या म्हाताऱ्या जोडप्यानं उठून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवल्या. ही इथली जुनी रीत आहे, कुणीही जिंकलं तरी. मला रडू आलं, फुटबॉलमुळे नाही, त्या टाळ्यांमुळे.

---

पाव_किलो_मका | २७ नोव्हेंबर २०२१, दुपारी १.४७

ताई, चुकलं. रागात लिहिलं. जबड्याचं डोक्यातून गेलं होतं.

---

आकडेमोड | २७ नोव्हेंबर २०२१, रात्री ९.१२

जुना_कबड्डीपटू यांच्या प्रतिसादानंतर दिवसभर डोक्यात किडा वळवळत होता. माझं वरचं म्हणणं अर्धं मागे घेतो.

एका मोसमाचं नशीब मी समजू शकतो. पण फ्रॉस्टच्या चार वर्षांतले आठ किंवा कमी गुणांनी सुटलेले सगळे सामने मोजले. ५ जिंकले, २० हरले. समजा अशा सामन्याचा निकाल म्हणजे नाणेफेक. नाणं पंचवीस वेळा उडवून पाच किंवा त्याहून कमी छापे येण्याची शक्यता किती? साधारण पाचशेत एक.

देशात सव्वाशेच्या वर टीम आहेत, कुणाच्या तरी नशिबी हे यायचंच, असं म्हणून पळवाट काढता येईल. पण मला ती पटत नाही. नाण्यातच काहीतरी आहे.

---

लाल_शनिवार | २७ नोव्हेंबर २०२१, रात्री १०.४०

आकडेमोड, तुम्ही नाण्याचा विषय काढलात म्हणून सांगतो.

८ नोव्हेंबर १९९७. मिझुरीविरुद्ध बाहेरगावचा गेम. आम्ही पाच देशी पोरं एका अपार्टमेंटमध्ये, कुकरमध्ये खिचडी, टीव्हीवर गेम. आपण ३१-३८ मागे, शेवटची काही सेकंदं. फ्रॉस्टनं पास टाकला, शेविन विगिन्सच्या हातात बसला नाही, तो पडता पडता पाय वर गेला आणि चेंडू उडाला, आणि मॅट डेव्हिसननं जमिनीपासून बोटभर अंतरावर झेलला. टचडाउन. ओव्हरटाइममध्ये फ्रॉस्ट स्वतः पळत आत घुसला, ४५-३८. मुद्दाम लाथ मारली असेल तर नियमानं ते बेकायदा. कुणी विचारलं नाही. त्या एका लाथेवर १३-० टिकलं, त्यावर चॅम्पियनशिप (तीही मिशिगनबरोबर वाटून), आणि तेव्हाचे कोच टॉम ऑस्बर्न पंचवीस वर्षांनंतर समाधानानं निवृत्त झाले.

म्हणजे सगळं आयुष्यातलं नशीब फ्रॉस्टनं त्या दिवशीच खर्चून टाकलं की काय, असं मला यंदा वाटत होतं. आणि त्याला कायम ठेवल्याची बातमी आली तीही ८ नोव्हेंबरलाच. बरोबर २४ वर्षांनी.

पण आज दिवसभर विचार केल्यावर वाटतंय, की मी त्या लाथेच्याच जिवावर याला चार वर्षं माफ करत आलो. ऑस्बर्नच्या टीम काही लाथेवर जिंकत नव्हत्या. शेवटच्या पाच मोसमांत ६०-३! पंचवीस वर्षांत एकदाही नऊपेक्षा कमी विजय नाहीत. त्या टीममध्ये तिसऱ्या फळीतलं पोरगंसुद्धा पंटच्या वेळी कुठे पळायचं ते झोपेत सांगू शकलं असतं. ते सोडून आपण फ्रॉस्टमध्ये फक्त त्याचा चेहरा बघितला.

---

चहाटळ | २८ नोव्हेंबर २०२१, सकाळी ६.२०

६०-३ वाचून हादरलो. ही तर जुन्या मुंबईची रणजी टीम झाली. सलग पंधरा वर्षं, १९५८-५९ ते १९७२-७३. आता शेवटची जिंकून पाच वर्षं झाली तर दादरचे काका असे बोलतात जणू पाणी बंद झालंय.

पण मुंबईचा पत्ता नाही बदलला. मैदानं तीच, पोरंही तिथलीच. तुमच्याकडे काय बदललं? मक्याच्या शेतातून तेव्हा निघत होते ते खेळाडू आता का नाही निघत?

---

ओमाहाकर | २८ नोव्हेंबर २०२१, सकाळी ७.५०

चांगला प्रश्न. मक्याच्या शेतातून सगळे तेव्हाही निघत नव्हते. आडदांड लाइनमन इथले, पण चपळ पोरं टेक्सस, फ्लोरिडा, कॅलिफोर्नियातून यायची. २०११मध्ये आपण बिग ट्वेल्व्ह सोडून बिग टेनमध्ये गेलो. टीव्हीचे पैसे वाढले. पण टेक्ससमधल्या पोराला "दर वर्षी तुझ्या आईबापांसमोर खेळशील" हे सांगता येईनासं झालं. शिवाय पूर्वी आपले गेम टीव्हीवर दिसायचे आणि बाकीच्यांचे नाही, आता सगळ्यांचेच दिसतात. लिंकनला यायचं कारण काय उरलं? थंडी?

म्हणूनच म्हणतो, फ्रॉस्ट एकट्याचं हे पाप नाही. कुणीही आणा, पाच वर्षं लागतील.

---

जुना_कबड्डीपटू | २८ नोव्हेंबर २०२१, सकाळी ८.३३

ओमाहाकर, हे सगळं कबूल. पण टेक्ससची पोरं आली नाहीत म्हणून पंट चुकीच्या बाजूला जात नाही. ओहायो स्टेटला नऊ गुणांनी हरलात म्हणजे अंगात रग आहे. इलिनॉयला हरलात म्हणजे घडी बसलेली नाही.

आणि एक सांगा, स्पेशल टीमसाठी तेवढंच काम करणारा पूर्णवेळ कोच होता का? दुसरं काम असलेल्या कोचकडे हे जोडकाम होतं. शाळेत पीटीचा तास गणिताच्या मास्तरला देतात ना, तसं. मास्तर वाईट नसतो, पण त्याचं लक्ष फळ्याकडे.

काढलेले चारही कोच ऑफेन्सचे. भोक एका भांड्याला, कल्हई दुसऱ्याला.

---

ओमाहाकर | २८ नोव्हेंबर २०२१, सकाळी ८.४०

कल्हईवर काही बोलता येत नाही. मानलं. तरी एक वर्ष द्या.

---

लाल_शनिवार | २८ ऑगस्ट २०२२, सकाळी ६.४५

धागा वर काढतोय. झोप लागली नाही.

डब्लिन. नॉर्थवेस्टर्न, ज्यांना गेल्या वर्षी ५६-७ चिरडलं होतं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये २८-१७ पुढे. सगळं छान चाललेलं, आणि फ्रॉस्टनं ऑनसाइड किक मारायला लावली! चहाटळ, तुम्ही विचारायच्या आत सांगतो: किकऑफला चेंडू लांब मारायचा असतो. मागे असाल आणि वेळ संपत आली असेल तर मुद्दाम जवळ मारून स्वतःच पकडायचा प्रयत्न करतात. जुगार आहे, हरणाऱ्यानं खेळायचा. अकरा गुणांनी पुढे असताना हे करणं म्हणजे मुलीचं लग्न ठरल्यावर नवऱ्या मुलाची पत्रिका पुन्हा ज्योतिषाकडे नेणं.

चेंडू त्यांना मिळाला. मग त्यांचे १४ गुण, आपला भोपळा. २८-३१.

यंदा पूर्णवेळ स्पेशल टीम कोच नेमलाय. त्या बिचाऱ्याचं काही चुकलं नाही. निर्णय वरून आला, फ्रॉस्टनं स्वतःच कबूल केलंय.

---

सातारी_हॉकआय | २८ ऑगस्ट २०२२, सकाळी ७.३०

अरेरे. पण तिथे स्टेडियममधलं कार्डाचं यंत्र बंद पडल्यानं बिअर फुकट वाटली म्हणे. गेलेल्या नेब्रास्कावाल्यांचं दुःख जरा तरी हलकं झालं असेल.

---

ओमाहाकर | २८ ऑगस्ट २०२२, सकाळी ८.०५

माझ्याकडे शब्द नाहीत. फक्त एवढंच लिहितो, की अजून अकरा गेम आहेत.

---

आकडेमोड | २८ ऑगस्ट २०२२, सकाळी ८.५०

५-२१.

---

लाल_शनिवार | ११ सप्टेंबर २०२२, दुपारी ४.२०

बातमी सगळ्यांनी वाचली असेल. काढला.

काल जॉर्जिया सदर्ननं आपल्याच मैदानावर ४५-४२ हरवलं. ६४२ यार्ड दिले. मी तिथेच होतो, या वेळी भांडी नव्हती. आपल्या मैदानावर ३५ किंवा जास्त गुण केल्यावर नेब्रास्का कधीही हरलेली नव्हती, २१४-०. तोही दिवा विझला.

एकूण १६-३१. थोडक्यातले ५-२२. आणि गंमत बघा, १ ऑक्टोबरपर्यंत थांबले असते तर बायआउट (करार मोडल्याची भरपाई) दीड कोटी डॉलरवरून निम्म्यावर येणार होता. तीन आठवडे. त्या तीन आठवड्यांसाठी ७५ लाख डॉलर मोजले. हिशेबानं हा वेडेपणा आहे, पण काल स्टेडियममधले चेहरे बघितलेल्या माणसाला तो कळतो.

मिकी जोसेफ हंगामी कोच. इथेच क्वार्टरबॅक होता तोही, ऐंशीच्या शेवटी. नेब्रास्का फुटबॉलचा पहिला कृष्णवर्णीय मुख्य कोच. असा दिवस चांगल्या कारणानं आला असता तर बरं झालं असतं.

---

ओमाहाकर | ११ सप्टेंबर २०२२, संध्याकाळी ५.१५

मी हरलो. लिहून ठेवतो म्हणजे पुढे कुणी शोधायला नको.

वाईट मात्र वाटतंय. परका कोच असता तर दोन वर्षांपूर्वीच काढला असता आणि त्याचंही भलं झालं असतं. आपला म्हणून ठेवला, आणि आता त्याला आपल्याच गावच्या किराणा दुकानात तोंड दाखवणं मुश्कील केलं.

---

जुना_कबड्डीपटू | ११ सप्टेंबर २०२२, संध्याकाळी ५.५०

ओमाहाकर, हरलात कसले. आमच्या तालमीतही घरच्या पोराला वस्ताद केलं होतं एकदा. चांगला मल्ल होता. शिकवता येत नव्हतं. सगळ्यांना दिसत होतं, बोललं कुणीच नाही, मीसुद्धा. त्याच्या आईच्या हातचं जेवलो होतो ना.

---

बँडवालीची_आई | ११ सप्टेंबर २०२२, संध्याकाळी ६.३०

मुलीचा फोन आला होता. काल गेमनंतर बँड वाजत असताना समोर फक्त विद्यार्थ्यांच्या भागातली चार-पाचशे मुलं होती म्हणाली. ती मुलं मात्र शेवटच्या सुरापर्यंत गात होती. या मुलांनी यांना एकदाही चांगलं खेळताना बघितलेलं नाही हो. तरी शब्द सगळे पाठ.

---

चहाटळ | १२ सप्टेंबर २०२२, सकाळी ७.००

भाचा त्या चार-पाचशेत होता. घसा बसलाय. मी आयोवाचा असल्याचं त्याला अजून सांगितलेलं नाही.

---

लाल_शनिवार | १२ सप्टेंबर २०२२, सकाळी ७.४०

शनिवारी ओक्लाहोमा येतंय. सकाळी ११चा गेम. बायकोनं येणार नाही असं स्वच्छ सांगितलंय, त्यामुळे एक तिकीट जास्तीचं आहे. चहाटळ, भाच्याकडे विद्यार्थ्यांचं असेलच, नसेल तर हे त्याचं. पाव_किलो_मका, नाहीतर तुम्ही या, पण तोंड सांभाळून.

साडेनऊपर्यंत पोचायला हवं, नंतर गाडी लावायला जागा मिळत नाही. मी फोडणीच्या पोळीचा डबा आणतोय. पहिल्या टचडाउनला सोडायचे लाल फुगे यंदा नाहीत, हेलियमचा तुटवडा आहे म्हणे. म्हणजे दोन्ही हात मोकळे राहतील, डोक्याला लावायला.

---

ओमाहाकर | १२ सप्टेंबर २०२२, सकाळी ७.५२

ते तिकीट मला ठेवा. ओमाहातून आठला निघतो.